अनियमित क्रियापद, मुक्काम पोस्ट तेर

परवा धाराशिवच्या बसस्टँडवर एका जुन्या कंडक्टरने मला गाठलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या तेरचे बसप्पा लई दिवसांत दिसले न्हायत?"

मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "अप्पा गेले."

भल्या माणसाने टोपी काढली आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

"कधी?"

"श्रावणात."

"झालं काय व्हतं?"

"काही नाही. नातीनं बोलावलं."

त्याचे डोळे भरून आले. "नात आधीच गेली व्हती व्हय?"

"ती कुठं जाते? ती जन्मल्यापासून तिकडंच आहे."

आता मात्र त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेपर टाकून ओरडलो, "अहो, स्पेनला गेले! पोरीकडं! विमानानं!"

त्याने टोपी झटकून परत डोक्यावर घातली. "मास्तर असून धड बोलाया येत न्हाय. फुकट टोपी काढाया लावली," असं म्हणून तो आपल्या गाडीकडे चालू लागला.

अप्पा इथे असते तर त्यांनी त्याचीच बाजू घेतली असती. 'जाणे' या क्रियापदावर त्यांचा राग होता. साधासुधा नव्हे, भाऊबंदकीत असतो तसला राग. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, ही रीत आपल्या सगळ्यांच्याच घरी आहे. पण बाकीच्यांकडे ती रीत आहे, अप्पांकडे तो कायदा होता, आणि त्याची अंमलबजावणीही ओट्यावरच व्हायची. एकदा गॅसची टाकी आणणारा माणूस रिकामी टाकी खांद्यावर मारून "जातो अप्पा" म्हणाला. अप्पांनी त्याला गल्लीच्या टोकावरून परत बोलावलं. टाकी खाली ठेवायला लावली, ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं आणि नव्याने उठवलं.

"आता म्हण."

"येतो."

"हां. आता ये."

आणि तो गेला.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी पंधरावीस माणसं घेऊन गल्लीत आला. हात जोडून "जातो अप्पा, ध्यान असू द्या" म्हणाला. अप्पांनी त्या सगळ्या लवाजम्याला पुन्हा बसवलं. घरात तेवढे पेले नव्हते, शेजारच्या कौसाक्काकडून मागवले. पुढारी घाईत होता, अप्पा नव्हते. तो माणूस पडणारच होता हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. पण आमच्या गल्लीचं मत आजही असं आहे, की तो 'जातो' म्हणाला आणि गेला.

अप्पांची आई कर्नाटकातली, उमरग्याच्या पलीकडची. तिचा दाखला ते नेहमी द्यायचे. "आमच्या कानडीतबी नुसतं जातो म्हणत न्हायत. 'होगी बर्तीनी' म्हणतात. जाऊन येतो. परतीचं तिकीट काढूनच माणूस उठतो."

गंमत अशी, की ज्या माणसाला हे क्रियापद खपत नव्हतं त्याने सगळी नोकरी त्याच्यावरच काढली. नाव बसप्पा, नोकरी बसस्टँडवर. यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत, आपण नवा काढू नये. धाराशिवच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. उंच, किडकिडीत बांधा, कपाळावर विभूती, आणि आवाज थेट नाकातून. असा आवाज, की कर्णा बंद पडला तरी तुळजापूरच्या प्रवाशांना गाडी चुकत नसे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वाशीला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." हे दिवसभर. आणि संध्याकाळी तेरला घरी येऊन 'जातो' म्हणणाऱ्यांना परत बसवायचं.

"अप्पा," मी एकदा म्हणालो, "दिवसभर तर जाणारी, जाणारी करता."

"ते गाडीचं. गाडीला डेपो हाय, ती गेली तरी सांच्याला परत येती. माणसाला कुठं हाय डेपो?"

मी इंग्रजीचा मास्तर. आमच्या विषयाला डेपो नाही.

निवृत्त झाल्यावर माईक गेला, पण त्यांचं पुकारणं गेलं नाही. पाहुणे आले की आतून आवाज यायचा, "चहा पिणाऱ्यांनी लक्ष द्यावे. चहा ओट्यावर लागलेला आहे." कौसाक्काच्या म्हशीने गोठ्यातून दोर तोडला की ती बातमीही गल्लीला अप्पांकडूनच मिळायची, म्हैस कोणत्या गावाकडे जाणारी आहे या तपशिलासह. कौसाक्का म्हणजे शेजारीण, विधवा बाई, जिभेला धार. ती भिंतीपलीकडून म्हणायची, "अप्पा, म्हशीला थांबा तरी कुठंकुठं हाय तेबी सांगा."

घरात अप्पा एकटेच. बायको, शारदाबाई, बऱ्याच वर्षांमागे वारली. एकुलती मुलगी महानंदा हुशार निघाली, आणि हुशार मुलांचं आमच्याकडे जे होतं ते तिचंही झालं: आधी पुणे, मग परदेश. ती स्पेनमध्ये वालेन्सिया नावाच्या शहरात इंजिनिअर झाली आणि तिथल्याच आंद्रेस नावाच्या सुताराशी लग्न करून मोकळी झाली. पोरगी इंजिनिअर आणि जावई सुतार, हे पचायला गल्लीला एक उन्हाळा लागला. आंद्रेस तेरला येऊन गेला. त्याला आमचं तिखट झेपलं नाही, पण निघताना त्याने हात जोडले आणि शिकवून ठेवल्यासारखं, स्पष्ट म्हणाला, "येतो." अप्पांनी तिथल्या तिथे त्याला पास केलं.

मग नात झाली. लुसिया. दर रविवारी दुपारी फोनवर तिचा चेहरा यायचा आणि अप्पा विभूती नव्याने लावून बसायचे. पोर बोलायला लागली तशी एका रविवारी ते ओट्यावर येऊन पुकारू लागले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! माझी नात मराठी बोलती!"

"काय बोलली?" सगळ्यांनी विचारलं.

"फोन लागला की म्हणती, 'या ओ!' एवढंसं लेकरू, पण आवताण देतंय. या ओ, या ओ!"

"मग तुमी काय म्हणला?" कौसाक्का.

"काय म्हणणार? व्हय म्हणलं. व्हय, व्हय."

गल्लीने माना डोलावल्या. परदेशात जन्मून पोरीवर संस्कार मात्र तेरचे, यावर एकमत झालं. पुढे दर रविवारी तेच. पोर तिकडून "या ओ" म्हणायची, अप्पा इकडून "व्हय, व्हय" म्हणायचे, पोर टाळ्या पिटायची आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसायची. कारण पुढे काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. फोन लावून देऊन महानंदा स्वयंपाकाला लागलेली असायची. तिला हाक मारावी तेव्हा ती येऊन सांगणार, की अप्पा विचारतायत काय जेवलीस. पोर म्हणणार, काही नाही. ते ती मराठीत करून अप्पांना सांगणार.

अप्पांना हे मानवेना. एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, माझ्या नातीसंगं म्या मधी गुत्तेदार घालून बोलायचं का?"

"म्हणजे?"

"मला स्पॅनिश शिकव."

"अप्पा, मला येत नाही."

"तू इंग्रजी शिकवतोस ना?"

"तसं पगारपत्रकावर लिहिलेलं असतं."

"मग झालं. शेजारचीच भाषा हाय. आन् आपल्याला ती परकी न्हाय. आपल्या तेरचा माल जुन्या काळात रोमला जायचा. शाळेची सहल घेऊन संग्रहालयात जातोस ना दरसाल? रोमच्या बाजूलाच स्पेन. येताजाता चार शब्द इथं सांडले असतील."

माल रोमला 'जायचा', हे त्यांना चाललं. मालाला डेपो असावा.

माझ्या फोनमध्ये एक अॅप घातलं. त्यात एक बाई बोलायची आणि आपण तिच्यामागून म्हणायचं. मुलगी सफरचंद खाते. मुलगा दूध पितो. अस्वलाकडे छत्री आहे. अप्पा ही वाक्यं म्हणायचे नाहीत, पुकारायचे. "सफरचंदच खाती रोज," ते म्हणायचे, "भाकरी खात न्हाय का ही पोरगी?" तरी आठवडाभरात अस्वलापर्यंत त्यांची गाडी विनाथांबा आली. आणि मग एका दुपारी पुढचा धडा उघडला.

"इर," मी वाचलं. "म्हणजे जाणे."

अप्पांनी चष्मा काढला. "फुडचं घे."

"हे झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही."

"मंजी जबरदस्तीनं जाया लावतेत?"

मी म्हटलं, निदान ऐका तरी. आणि मी ओट्यावर बसून ती सगळी रूपं मोठ्याने वाचली. बाई 'व' धड 'व' म्हणत नव्हती, 'ब' म्हणत नव्हती, ओठ मिटता मिटता सोडून देत होती. मी आपला आपल्या वळणाने वाचत गेलो. मी जातो, वोय. तू जातोस, वास. तो जातो, वा. आम्ही जातो, वामोस. तुम्ही जाता, वाइस. ते जातात, वान.

भिंतीपलीकडून कौसाक्का म्हणाली, "मास्तर, कशाचा वास येतोय म्हणताव? माझं दूध तर उतू न्हाय गेलं?" आणि जरा थांबून, "आन् वान कुणाचं? संक्रांतीला लई येळ हाय अजून."

"बग," अप्पा मला म्हणाले, "मूळ शब्द इर. त्याचं झालं वोय, वास, वान. बापाचं एक नाव, पोरांची भलतीच. असलं क्रियापद घरात घेऊ न्हाय."

"अप्पा, आपलंही तसंच आहे. आपण जातो म्हणतो, पण 'जाला' म्हणत नाही, 'गेला' म्हणतो. जा कुठे आणि गे कुठे?"

"तेच म्हणतो म्या. वाईट वळणाचं हाय ते. इथलंबी आन् तिथलंबी." त्यांनी फोन पालथा घातला. अप्पांचं स्पॅनिश तिथेच, अस्वल आणि छत्रीपाशी, ब्रेक डाऊन झालं.

त्यानंतर आला लुसियाचा वाढदिवस. रविवारच होता. अप्पांनी नवा सदरा घातला, गल्लीतल्या पोरांना पेढे वाटले आणि फोन लावला. पडद्यावर महानंदा आली. तिच्या मागे दार दिसत होतं, दाराशी एक लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीच्या पायाशी लुसिया बसलेली होती, फ्रॉक घालून, आमच्याकडे पाठ करून. अप्पांनी हाक मारली. पोरीने मागे वळून पाहिलं. अप्पा फोनमध्ये आहेत हे तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला. ती उठली, आली आणि तिने फोन पालथा घातला. अगदी अप्पांनी घातला होता तसाच.

पुढचे तीन रविवार ती फोनवर आली नाही. महानंदा म्हणायची, झोपलीय, खेळतीय. चौथ्या रविवारी ती खरं बोलली. "अप्पा, ती म्हणती तुमी खोटं बोलता."

आमच्या गल्लीला त्या दिवसांत प्रथमच कळलं की आपल्याकडे चिमण्याही आहेत. इतकी शांतता. चहा मुकाट्याने ओट्यावर लागायचा. म्हैस सुटली, अख्खं गाव हिंडून आली, कुणी पुकारलं नाही. कौसाक्काने धपाटे करून आणले आणि ते तसेच परत नेले; जाताना तिने कुणाला टोमणाही मारला नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी अप्पांच्या फोनवरून मीच महानंदाला फोन लावला. अप्पा माझ्याशेजारी बसलेले, फोनचा स्पीकर चालू.

"महानंदा, अप्पा खोटं काय बोलले?"

"ती म्हणती, यायो दर रविवारी येतो म्हणतात आन् येत न्हायत. वर्गात सगळ्यांना सांगून ठिवलं व्हतं तिनं, माझा यायो येणार हाय. दिवसभर दारात खुर्ची मांडून बसली. आन् अप्पा, आंद्रेसनं तर तुमच्यासाठी पलंग केलाय! मागच्या खोलीला रंग दिला. मला वाटलं, हौस म्हणून देतोय. त्यालाबी वाटलं तुमी येणार. तुमी काय सांगितलं तिला?"

"म्या काय सांगणार?" अप्पा उसळले. "माझं स्पॅनिश अस्वलाच्या फुडं गेलं न्हाय!"

"ती म्हणती तुमी 'वोय' म्हणता."

अप्पा ताडकन उभे राहिले. "तसलं क्रियापद म्या तोंडात घेतलं न्हाय! इचार मास्तरला. म्या धडा बंद केला त्यापायी!"

"मग काय म्हणता तुमी तिला?"

"काय म्हणणार? ती 'या ओ' म्हणती. म्या 'व्हय' म्हणतो."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग महानंदा हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

"अप्पा... यायो म्हंजी आजोबा. इथं आजोबाला यायो म्हणतेत. ती 'या' म्हणत न्हाय, ती तुमाला हाक मारती. आन् तुमचं व्हय..."

"माझं व्हय काय?"

"तिला वोय ऐकू येतंय."

मराठी येणाऱ्याला त्यात 'हो' ऐकू यायचं आणि स्पॅनिश येणाऱ्याला 'वोय'. दोन्ही येणारी एकटी महानंदा, पण बापाचा आवाज आला की तिचे कान तेरचे व्हायचे.

अप्पा हळूच खाली बसले. पण नोकरी हिशेबी माणसाची होती. वेळापत्रकात काहीतरी चुकतंय हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "थांब. वोय मंजी जातो, असं मास्तर म्हणला. म्या 'जातो' म्हणलं, तर पोरगी वाट कशापायी बघती?"

"इथं तसं न्हाय अप्पा. आपल्याकडं कुणी हाक मारली की आपण 'आलो' म्हणतो ना? इथं 'वोय' म्हणतेत. 'या वोय'. आलोच."

"जातो म्हणायचं आन् यायचं?"

"व्हय. आन् आपण येतो म्हणायचं आन् जायचं."

मी खिशातून फोन काढून त्या बंद पडलेल्या धड्यात पाहिलं. खरंच होतं. खाली बारीक अक्षरात उदाहरण दिलं होतं, हाक मारल्यावर द्यायच्या उत्तराचं. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

फोन ठेवल्यावर अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "शारदा डबा घेऊन आली व्हती स्टँडवर."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"तेरची गाडी लागली व्हती. खिडकीतनं वाकून म्हणली, 'जाते ओ.' म्या तुळजापूर पुकारत व्हतो. माईक चालू व्हता. येते म्हण, असं म्हणायचं व्हतं, पण माईक चालू असल्यावर घरचं कसं बोलायचं? हातानंच बरं म्हणलं. दुपारी निरोप आला."

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या त्या कायद्यावर हसत होतो.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "भूतकाळ काय हाय त्याचा?"

मी पाहिलं. "फुई, फुईस्ते, फुए. फुए म्हणजे गेली. आणि..." मी पुन्हा पाहिलं, मला छपाईची चूक वाटली. "आणि होती. 'असणे'चा भूतकाळही हाच आहे."

"गेली आन् होती, दोनीला एकच शब्द?"

"एकच."

"मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?"

"मागच्यापुढच्या शब्दांवरून कळत असेल."

अप्पांनी तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, न पुकारता. "बरं हाय," ते म्हणाले. "दोनी एकाच शब्दात र्‍हातंय. इगळं करायची गरज न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला जाग आली ती अप्पांच्या घराच्या माळवदावरून येणाऱ्या आवाजाने. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! वोय, वास, वा! वामोस, वाइस, वान!" पुन्हा पुन्हा, प्रत्येक रूप वेगळ्या फलाटावर लागल्यासारखं. मी धावत गेलो.

"अप्पा, हे काय?"

"अनाउन्समेंट झालीय मास्तर. दर रविवारी झालीय. आता गाडी सोडावी लागंल. आपण पुकारलेली गाडी कधी रद्द झालीय का?"

त्यांच्या कारकिर्दीत रद्द झालेल्या गाड्यांत मी स्वतः कैक वेळा बसलेलो होतो. पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

मग पासपोर्ट सुरू झाला. चौकशीला आलेल्या पोलिसाने कारण विचारलं, तर अप्पा म्हणाले, "एक शब्द खरा करून यायचाय." त्या बिचाऱ्याने 'नातेवाईक भेट' असं लिहून घेतलं. त्या पावसाळ्यात 'वामोस' हा शब्द आमच्या गल्लीत रुळला. पोरं शाळेला निघताना वामोस म्हणायची, कौसाक्का म्हशीला पाण्यावर नेताना वामोस म्हणायची आणि म्हैस ऐकायची. मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवतोय, एकाही म्हशीने दखल घेतलेली नाही.

फक्त लुसिया अजून फोनवर येत नव्हती. यायो विमानात बसणार आहे असं महानंदाने तिला सांगितलं, तर ती म्हणाली, मला दाखवा. पोरगी अप्पांच्या वळणावर गेली होती. तिलाही तिकीट हातात हवं होतं.

निघायच्या दिवशी गल्लीने फटाक्यांसाठी प्रसिद्ध तेरखेड्याहून आणलेली माळ लावली, जणू अप्पांचं लग्न. कौसाक्काने शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली, की विमानाने ती वेगळी प्रवासी म्हणून धरली असती. अप्पांनी घराला कुलूप घातलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि अवघी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. आता काय म्हणणार? अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि काहीच न बोलता गाडीत बसले. त्या माणसाने निरोपाचा शब्द राखून ठेवला होता.

धाराशिवला मी सोबत होतो. पुण्याच्या गाडीला वेळ होता. आता कंट्रोल रूममध्ये एक बाई असतात, अप्पांना चांगलं ओळखणाऱ्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाल्या, "अप्पा, आजची पुण्याची गाडी तुमीच पुकारा. आमाला नाकात बोलाया जमत न्हाय."

अप्पा माईकपुढे बसले. काचेच्या खिडकीवरून त्यांनी उगीचच हात फिरवला. बटन दाबलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," सगळ्या फलाटांवरून तो जुना आवाज फिरला आणि दोनतीन म्हातारे प्रवासी चमकून वर बघू लागले. "धाराशिवहून पुण्याला जा..."

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला.

अप्पांनी एका हाताने तो काढला. पडद्यावर महानंदा नव्हती. नुसता एक मोठा डोळा आणि अर्धं नाक होतं, अगदी जवळून. पोर फोनमध्ये शिरून अप्पांच्या मागचं बघायचा प्रयत्न करत होती, खिडकी, फलाट, पलीकडे उभी असलेली गाडी. मग ती हळूच, विश्वास ठेवू की नको अशा आवाजात म्हणाली,

"यायो?"

माईक चालू होता. त्या खोलीतला माईक कधी चालू असतो आणि कधी बंद, हे अप्पांइतकं कुणालाही माहीत नव्हतं.

"वोय!" अप्पा म्हणाले. "वोय, वोय!"

सगळ्या कर्ण्यांमधून ते बाहेर पडलं. वाशीच्या फलाटावर, तेरच्या फलाटावर, रसवंतीवर, मुतारीवर. मग एक बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत खिडकीशी आली आणि काचेवर टिचक्या मारून करवादली, "व्हय काय, व्हय? कुठं जाणारी गाडी, ते सांगा की!"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि माईक जवळ ओढला.

"येणारी गाडी हाय, बाई," ते म्हणाले. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी येणारी हाय."

मग फोन तसाच हातात धरून, पिशवी खांद्याला लावून, ते फलाट ओलांडून पुण्याच्या गाडीत चढले. शेवटचं दिसले ते खिडकीतून. फोन बाहेर काढून नातीला आमचं स्टँड दाखवत होते. त्यांच्या आजूबाजूची सगळी बाकं मोकळी होती. गाडी जवळजवळ रिकामीच सुटली, कारण पुण्याचे निम्मे प्रवासी फलाटावर बसून येणाऱ्या गाडीची वाट बघत होते.